मनगट धरलं, पुढे काय?

ताकदीला ताकदीने भिडायचं नाही, हे ऐकिदो आणि ताई ची दोन्हींत समान. वयात मात्र मोठं अंतर. ताई चीचा माग चीनच्या हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात १७व्या शतकापर्यंत लागतो. ऐकिदो जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी जुजुत्सूतून घडवला.

ऐकिदोत जोडीदार मनगट घट्ट धरतो. हात हिसकायचा नाही. पाऊल टाकून त्याच्या बाजूला वळायचं. त्याचाच रेटा त्याला पुढे नेतो आणि तो मॅटवर कोलांटतो. इजा न होता पडणं हा इथला मोठा अभ्यास. ताई चीचा सराव बहुतांशी एकट्याचा, संथ. जोडीने होतो तो ‘तुईशौ’: मनगटाला मनगट टेकवून समोरच्याचा तोल कुठे ढळतोय, ते स्पर्शाने चाचपायचं.

ताई चीमागे यिन-यांगचा विचार आहे. उएशिबांवर ओमोतो या जपानी धर्मपंथाचा प्रभाव होता. हल्लेखोरालाही जपावं, हा त्यांचा आग्रह. म्हणूनच बहुतेक ऐकिदो शाळांत स्पर्धा नसतात. ताई चीच्या होतात, आणि ती निव्वळ बागेतली कसरत नव्हे, मुळात युद्धकलाच. १९५६ साली चीनमध्ये बसवलेला २४ हालचालींचा सोपा क्रम आज जगभर शिकवतात. पडापडीची धास्ती असेल, तर सुरुवात त्यापासूनच करा.