लोकसंख्या एक : नेब्रास्कातील मोनोवाय

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, उत्तर सीमेलगतच्या बॉइड काउंटीत मोनोवाय नावाचे एक गाव आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या एक अशी नोंदली गेली. रीतसर स्थापन झालेली स्थानिक स्वराज्य संस्था असूनही जिथे केवळ एक व्यक्ती राहते, असे त्या वेळी सबंध अमेरिकेत ते एकमेव गाव होते. या आकड्याने मोनोवायला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली; परंतु केवळ नवल म्हणून त्याच्याकडे पाहिले की खरी गोष्ट नजरेतून सुटते. ज्या व्यवस्थेने हे गाव वसवले, तिच्या बदलण्यानेच ते ओस पडले. आणि मध्यपश्चिम अमेरिकेतील कितीतरी लहान गावांची कहाणी याच वाटेने गेलेली आहे.

मोनोवायचे स्थान ९८ व्या पश्चिम रेखांशाच्या किंचित पश्चिमेस आहे. उत्तरेस मिसुरी आणि दक्षिणेस नायोब्रारा या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या उंचवट्याच्या प्रदेशात, पोंका क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यालगत ते वसले आहे. अमेरिकेच्या मध्यभागातील याच पट्ट्यात पूर्वेकडील भरवशाचा पाऊस विरळ होऊ लागतो आणि मका-सोयाबीनच्या शेतांच्या जोडीला गुरांसाठी राखलेली विस्तीर्ण गवताळ राने दिसू लागतात. अशा जमिनीवर एका कुटुंबाचा चरितार्थ चालायचा तर क्षेत्र मोठे लागते, आणि क्षेत्र मोठे म्हणजे वस्ती विरळ, हे येथील लोकसंख्येचे पहिले गणित आहे. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग. सुमारे १,४०० चौरस किलोमीटरच्या बॉइड काउंटीत २०२० साली १,८१० लोक राहत होते, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे दीड माणूसही नव्हता.

ही भूमी मुळात रिकामी नव्हती. नायोब्रारा आणि मिसुरी यांच्या संगमाचा परिसर पोंका या मूलनिवासी जमातीचा होता आणि १८७७ मध्ये अमेरिकी शासनाने या लोकांना बळजबरीने दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवले. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर मुलाचा मृतदेह मायभूमीत पुरण्यासाठी परत निघाला असता त्याला अटक झाली. १८७९ मध्ये ओमाहा येथील खटल्यात न्यायाधीशांनी असा निर्णय दिला की, मूलनिवासी मनुष्य हाही कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे. गोऱ्या वसाहतकऱ्यांची गावे या प्रदेशात उभी राहिली ती या विस्थापनानंतर, त्यामुळे मोनोवायच्या शिरगणतीचा इतिहास सांगताना हे आधीचे प्रकरण वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मोनोवायची आखणी १९०२ मध्ये झाली, कारण त्या वर्षी फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली या कंपनीचा लोहमार्ग तिथवर आला. मराठी वाचकाच्या मनातील गावाहून हे गाव मुळातच वेगळे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि शेतावर जातो. नेब्रास्कातील शेतकरी मात्र आपल्या शेतावरच घर बांधून राहिला. १७८५ पासून अमेरिकेत सरकारी जमिनीची मोजणी चौकोनी जाळीने होत आली होती. एक मैल लांब व एक मैल रुंद अशा चौकोनात ६४० एकर जमीन मावते, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, पाच वर्षे तिथे राहून जमीन कसणाऱ्याला जवळजवळ विनामूल्य मिळत असे. परिणामी घरे एकमेकांपासून दूर विखुरली. गावात राहिले ते दुकानदार, लोहार, शिक्षक, पोस्टमास्तर, धान्याचे व्यापारी. शेतकऱ्यांच्या गरजा भागवणे हेच अशा गावाचे प्रयोजन होते.

म्हणूनच गावांमधील अंतरही ठरून गेलेले दिसते. या लोहमार्गावरील मोनोवाय, लिंच, ब्रिस्टो आणि स्पेन्सर ही गावे एकमेकांपासून साधारण दहा-अकरा किलोमीटरवर आहेत. घोडागाडीत धान्य भरून निघालेल्या शेतकऱ्याला माल विकून, बाजार करून दिवस मावळण्यापूर्वी घरी परतता यावे, एवढेच ते अंतर. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये ‘केंद्रस्थान सिद्धांत’ मांडला. प्रत्येक सेवेला टिकून राहण्यासाठी ठरावीक गिऱ्हाइके लागतात आणि गिऱ्हाईक ठरावीक अंतरापलीकडे जात नाही, या दोन मर्यादांतून लहान-मोठ्या गावांची रचना घडते, असे हा सिद्धांत सांगतो. बॉइड काउंटीचा नकाशा पाहिला की हे दोन्ही नियम डोळ्यांसमोर उभे राहतात.

पुढे हे दोन्ही नियम गावाच्या विरोधात गेले. मोटार आणि पक्के रस्ते आल्यावर शेतकरी दहा किलोमीटरऐवजी पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या गावी सहज जाऊ लागला; ट्रॅक्टर आल्यावर एक कुटुंब पूर्वीच्या कित्येक पट जमीन कसू लागले. १६० एकरांच्या हिशेबाने एका चौरस मैलात चार कुटुंबे बसत. आज नेब्रास्कातील शेतीचे सरासरी क्षेत्र ९०० एकरांहून अधिक आहे, म्हणजे त्याच चौरस मैलाच्या वाट्याला पुरते एक कुटुंबही येत नाही. मुले कमी झाली की शाळा बंद पडते, शाळा गेली की तरुण जोडपी थांबत नाहीत. मोनोवायच्या चर्चमधील शेवटचा अंत्यविधी १९६० मध्ये झाला, १९६७ ते १९७० या काळात टपाल कार्यालय आणि उरलेली किराणा दुकाने बंद झाली आणि १९७४ मध्ये शाळाही गेली. १९३० मध्ये १२३ असलेली लोकसंख्या १९९० मध्ये ६ आणि २००० मध्ये २ झाली. हे दोघे पती-पत्नी होते. २००४ मध्ये पतीचे निधन झाले.

मागे राहिलेल्या वृद्ध महिलेने गावाचा कारभार थांबवला नाही. महापौर, लिपिक आणि खजिनदार या सर्व जबाबदाऱ्या त्यांच्याकडेच होत्या. मद्यविक्रीचा परवाना त्यांनी स्वतःच स्वतःला द्यायचा, करही स्वतःच स्वतःकडून घ्यायचा, आणि गावातील चार पथदिव्यांसाठी राज्याचा निधी मिळावा म्हणून दरवर्षी रस्त्यांचा आराखडा राज्य सरकारला सादर करायचा, असा हा कारभार होता. पतीने जमवलेल्या सुमारे पाच हजार पुस्तकांचे, पतीच्याच नावाचे ग्रंथालय त्यांनी एका छोट्या खोलीत उभे केले. गावातील ‘मोनोवाय टॅव्हर्न’ हे त्यांचे मद्यालयवजा उपाहारगृह तर पंचक्रोशीतील शेतकरी, पशुपालक आणि वाटसरू यांच्या भेटीगाठीचे ठिकाण होते. येथे वस्ती आणि वर्दळ यांतील फरक स्पष्ट होतो : रात्री गावात मुक्काम करणारी व्यक्ती एक असली तरी गाव ज्यांच्या उपयोगी पडत होते ती माणसे कितीतरी अधिक होती. जनगणना मुक्काम मोजते. उपयोग मोजण्याचे साधन तिच्याजवळ नाही.

२०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या पुन्हा दोन झाल्याचे प्रसिद्ध झाले, पण नवे कोणी तिथे राहायला आलेच नव्हते. अमेरिकी कायद्यानुसार जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती गुप्त राखावी लागते. एकाच माणसाच्या गावाचे वय, लिंग, वंश यांचे तक्ते छापले तर ते त्या व्यक्तीचे खाजगी टिपणच ठरते. म्हणून त्या वर्षी जनगणना कार्यालयाने लहान क्षेत्रांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर थोडी उलटापालट केली. राज्यांच्या एकूण लोकसंख्येला हात लावला नाही, मात्र त्याखालचे आकडे किंचित इकडे-तिकडे सरकवले. लाखाच्या शहरात एका माणसाची अशी वाढ जाणवतही नाही, पण मोनोवायची लोकसंख्या तिने कागदावर दुप्पट केली. गोपनीयतेचे रक्षण योग्यच आहे. तरीही त्याची किंमत लहान गावांनाच मोजावी लागते, कारण त्यांच्याकडे त्या आकड्याखेरीज स्वतःची दखल घ्यायला लावणारे फारसे काही नसते.

नेब्रास्काची लोकसंख्या एकंदरीत घटलेली नाही, ती २०२० मध्ये १९ लाख ६१ हजारांवर पोहोचली होती. मात्र राज्यातील ९३ काउंट्यांपैकी डग्लस, लँकेस्टर आणि सार्पी या पूर्वेकडील तीनच काउंट्यांत निम्म्याहून अधिक लोक राहत होते, आणि १९१० मध्ये सुमारे ८,८०० लोकसंख्या असलेल्या बॉइड काउंटीत त्यांच्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता.