कॅमेऱ्याची जादा बॅटरी : ओरिजिनल की पर्यायी?

डिजिटल कॅमेरा घेताना कॅमेरा आणि लेन्स यांचा विचार महिनोन्‌महिने होतो, परंतु जिच्यावाचून या दोहोंचा काही उपयोग नाही ती जादा बॅटरी बहुतेक वेळा ऐन सुपारी हातात आल्यावर, घाईघाईने घेतली जाते. फैजपूर, सावदा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात लग्नसराईवर ज्यांचे वर्षभराचे गणित अवलंबून असते, अशा छायाचित्रकारांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. कारण येथील लग्नांचा भर ज्या एप्रिल-मे महिन्यांत असतो, त्याच महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उष्णता ही बॅटरीची सर्वांत मोठी वैरीण आहे. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘ओरिजिनल’, बॅटरी घ्यावी की तिच्या जागी बसणारी दुसऱ्या कंपनीची स्वस्त बॅटरी चालेल, याचे उत्तर म्हणूनच केवळ किमतीवरून देता येत नाही.

याच फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि नंदलाल बोस यांनी अधिवेशननगरीची सजावट केली, त्या काळचे छायाचित्रण यांत्रिक कॅमेऱ्यांवर चालत असे. शटर स्प्रिंगच्या जोरावर उघडे-मिटे आणि छायाचित्रकाराला काळजी असे ती फिल्मची व उजेडाची. आजच्या कॅमेऱ्यात प्रत्येक हालचाल विजेवर होते, आणि तंत्र जसजसे पुढे सरकते तसतशी ही भूक वाढत जाते. निकॉनचा २०१४ मधला डी७५० आणि २०१८ मधला झेड ६ हे दोन्ही कॅमेरे ईएन-ईएल१५ याच कुळातील बॅटरीवर चालतात. तरीही ‘सिपा’ या जपानी कॅमेरा-उत्पादक संघटनेने ठरवलेल्या चाचणीनुसार पहिल्यात एका चार्जिंगमध्ये सुमारे १२३० छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्यात सुमारे ३१०. झेड ६ हा मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला कॅमेरा असल्यामुळे त्याचा सेन्सर आणि व्ह्यूफाइंडरमधला छोटा पडदा डोळा लावलेला असेपर्यंत सतत चालू राहतो. सलग फोटो काढताना प्रत्यक्षातला आकडा चाचणीपेक्षा बराच वाढतो, हे खरे; पण हळदीपासून वरातीपर्यंत फोटो आणि व्हिडिओ दोन्ही एकाच कॅमेऱ्यावर घ्यायचे असल्यास दोन बॅटऱ्यांवर भागत नाही, आणि खर्चाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

कॅमेऱ्याची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. हा प्रकार सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणला आणि त्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा एका सेलचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या एका घटकाचा, सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो; मोठ्या कॅमेऱ्यांच्या बॅटरीत असे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून लेबलावर बहुधा ७.२ व्होल्ट हा आकडा दिसतो. सर्वसाधारणपणे प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो. त्यापुढे चार्जिंग चालू राहिले, किंवा सेल फार खोलवर उतरला, तर आतल्या रसायनांची मोडतोड सुरू होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. आतला द्रव ज्वालाग्राही असल्यामुळे क्वचित ती पेटही घेते. हे टाळण्यासाठी सेलच्या शेजारी एक छोटी संरक्षक पट्टी बसवलेली असते, जी जादा चार्जिंग, जादा उतार आणि शॉर्टसर्किट झाल्यास प्रवाह तोडते. कोणतीही कॅमेरा-बॅटरी उलटी करून पाहिली तर अधिक आणि उणे या दोन टोकांखेरीज आणखी एक-दोन पितळी पट्ट्या दिसतात. त्यांपैकी एक पट्टी आतल्या तापमानाची खबर चार्जरला देते आणि दुसरी, जेथे असेल तेथे, बॅटरीची ओळख व उरलेला साठा कॅमेऱ्याला कळवते.

ओरिजिनल आणि पर्यायी यांतला खरा फरक या पट्ट्यांमागे आहे. सेल कॅमेरा कंपन्या सहसा स्वतः बनवत नाहीत, त्या सेल-उत्पादकांकडून घेतात. खुद्द सोनीनेही आपला बॅटरीचा व्यवसाय २०१७ मध्ये मुराता कंपनीला विकला. त्यामुळे ओरिजिनलसाठी मोजलेली जादा रक्कम ही निवडून घेतलेल्या एकसारख्या सेलची, भरवशाच्या संरक्षक पट्टीची आणि खऱ्या तापमान-संवेदकाची असते. स्वस्त बॅटरीत मात्र या संवेदकाच्या जागी ठरावीक रोध असलेला एक तुकडा बसवून चार्जरची समजूत घातली जाण्याचा धोका असतो. अशा बॅटरीचे तापमान चार्जरला नेहमी साधारणच दिसते, मग ती प्रत्यक्षात कितीही तापलेली असो. थंड प्रदेशात ही लबाडी वर्षानुवर्षे खपून जाईल. खानदेशात ती खपत नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असे उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात मांडवाच्या कडेला पत्र्याखाली चार्जिंगला लावलेल्या बॅटरीभोवतीची हवाच तेवढी तापलेली असते.

लेबलावरचा आकडाही तपासून पाहण्यासारखा आहे. क्षमता मिलिअँपिअर-तासांत लिहिलेली असते आणि तिला व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-तास, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचे खरे माप मिळते. सोनीच्या एनपी-एफझेड१०० मध्ये २२८० मिलिअँपिअर-तास गुणिले ७.२ व्होल्ट, असे १६.४ वॉट-तास बसतात. कॅननची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ मध्ये आली तेव्हा तिची क्षमता १८०० होती. पुढे ती १८६५ झाली आणि २०२० मध्ये २१३०. ज्या डबीत एवढी वाढ करायला मूळ कंपनीला १२ वर्षे लागली, त्याच आकाराच्या स्वस्त बॅटरीवर २६०० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असेल तर तो आकडा शंकास्पदच मानावा. शंका फेडण्याचा उपाय सोपा आहे : दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून, त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगला व्हिडिओ चालू ठेवावा आणि प्रत्येक बॅटरी किती मिनिटांत उतरते हे घड्याळ लावून पाहावे.

यावरून पर्यायी बॅटरी म्हणजे टाकाऊ माल, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या, वॉरंटी देणाऱ्या डिजिटेकसारख्या कंपन्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि कॅनन किंवा निकॉनचे खोटे लेबल चिकटवलेल्या डुप्लिकेट बॅटऱ्या वेगळ्या. खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे, कारण जो उत्पादक आपले नावच लपवतो त्याला जाब विचारायचा कोणी? ओरिजिनलही निर्दोष नसते : २०१२ मध्ये निकॉनने ईएन-ईएल१५ च्या काही लॉटमधील बॅटऱ्या तापण्याच्या भीतीने परत मागवल्या होत्या. पण लॉट क्रमांकावरून माल ओळखून बदलून देणारा कोणीतरी तेथे होता, आणि ओरिजिनलच्या किमतीत याही गोष्टीचे मोल धरलेले असते.

पर्यायी बॅटरीच्या काही अडचणी लहान पण कामाच्या वेळी नडणाऱ्या असतात. काही कॅमेरे अशी बॅटरी घालताच पडद्यावर विचारणा करतात आणि होकार दिल्यावर चालतात, पण उरलेल्या चार्जिंगचा नेमका आकडा दाखवत नाहीत. मंगलाष्टके चालू असताना तीनपैकी दोन रेघांवरून एकदम शून्यावर येणारी बॅटरी ही नुसती गैरसोय नव्हे, कारण तो क्षण पुन्हा घेता येत नाही. कॅमेऱ्याचे फर्मवेअर, म्हणजे आतली चालक प्रणाली, अद्ययावत केल्यावर आधी चालणारी पर्यायी बॅटरी नाकारली जाण्याचे प्रकारही झालेले आहेत. शिवाय अशा बॅटरीमुळे झालेला बिघाड कॅमेऱ्याच्या वॉरंटीत बसत नाही. फुगलेली बॅटरी खोबणीत अडकली की ती काढण्यासाठी कॅमेराच उघडावा लागतो आणि वाचवलेले पैसे तेथेच संपतात.

तेव्हा ज्या कॅमेऱ्यावर पैसे घेऊन काम होते त्याच्यासाठी निदान दोन ओरिजिनल बॅटऱ्या असाव्यात आणि मुख्य विधी त्यांच्यावरच घ्यावेत. तिसरी-चौथी बॅटरी नामांकित पर्यायी कंपनीची असण्यास हरकत नाही. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी टिपायला जाणाऱ्या हौशी मंडळींना तर एक ओरिजिनल आणि एक पर्यायी पुरेशी आहे. व्हिडिओच्या एलईडी दिव्यांना लागणाऱ्या एनपी-एफ प्रकारच्या बॅटऱ्या सरसकट पर्यायी घेतल्या तरी चालतात, कारण दिवा विझला तर बॅटरी बदलता येते आणि दिव्याला बॅटरीशी फारसे बोलायचे नसते. घेताना मात्र लेबलावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. तो क्रमांक खरा आहे की नाही, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर दुकानातच तपासता येते.

घेतलेली बॅटरी, मग ती कोणाचीही असो, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, तापलेली असताना चार्जिंगला लावू नये आणि लग्नसराई संपल्यावर अर्धी भरलेल्या स्थितीत घरातल्या थंड जागी ठेवावी. फुगलेली किंवा निकामी बॅटरी मात्र घंटागाडीत टाकू नये, कारण कचऱ्यात चेपली गेली की ती पेट घेऊ शकते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती दुकानदाराकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ती ओरिजिनल व पर्यायी अशा दोन्ही बॅटऱ्यांच्या उत्पादकांना सारखीच लागू होते.