टू-स्ट्रोक, पण जरा सावकाश!

हायवेवर आरएक्स 100 सुसाट सोडणं कुणालाही जमतं. नरखेडच्या पांदणीत तीच गाडी माणसाच्या चालीनं न्यायची, तर आधी तिचं ट्यूनिंग बदलावं लागतं.

आरएक्स 100 म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर काय येतं? कट मारणारा कॉलेजकुमार, त्याच्यामागे निळसर धूर आणि तो ‘ट्रिंग ट्रिंग’ आवाज. 1985 ते 1996 या काळात आपल्याकडे बनलेली ही 98 सीसीची गाडी. वजन जेमतेम शंभर किलो, ताकद 11 हॉर्सपॉवर. आज ती घेऊन ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरा, सिक्युरिटीवालाही मान वळवून बघतो. जुन्या टू-स्ट्रोक शोधून, बोरिंग करून, चकाचक रंगवून घेणाऱ्यांची संख्या मिहानपासून हिंजवडीपर्यंत कमी नाही. पण या सगळ्यांचा मिस्त्रीकडे हट्ट एकच असतो. भाऊ, पिकअप वाढव!

इथेच घोळ आहे. कारण तीच गाडी घेऊन तुम्ही वीकेंडला काटोलमार्गे नरखेड तालुक्यात गेलात आणि जलालखेड्याच्या किंवा सावरगावच्या आसपास डांबरी सोडून पांदणीत शिरलात, की हा वाढवलेला पिकअप तुमचा शत्रू होतो. पांदण म्हणजे शेतात जायचा बैलगाडीचा रस्ता. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, दोन्ही बाजूंना धुरे आणि धुऱ्यावर बाभळी. मध्येच नाला आडवा, त्यात गोटे. वळण असं की हँडल पूर्ण फिरवल्याशिवाय गाडी वळत नाही. इथे वेग ताशी आठ-दहा किलोमीटर. रेस ट्यूनिंग केलेलं इंजिन या वेगात खोकतं आणि बंद पडतं. नाहीतर अचानक शुद्धीवर येऊन तुम्हाला बाभळीत नेऊन घालतं.

खरं तर या तालुक्याला ऑफ-रोडिंग नवीन नाही. तीन गिअरचा राजदूत 175 दुधाचे कॅन लटकवून विदर्भातल्या असल्याच रस्त्यांवरून वर्षानुवर्षं गेला. कोणी त्याला ‘ट्रेल बाइक’ म्हटलं नाही, एवढंच. येझदी 250 सुद्धा याच कामाची. तिच्या इंजिनाचा बोअर 65 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75, म्हणजे लाँग स्ट्रोक. त्यामुळे कमी आरपीएमला ती दणकून ओढते. आरएक्सचं गणित 50 बाय 50 चं. तिची खरी मजा वरच्या आरपीएमला, कारण तिचे 11 हॉर्सपॉवर येतात 7500 आरपीएमवर. तिला सावकाश चालायला शिकवावं लागतं.

जगात हे शिकवायची एक मोठी परंपरा आहे. स्कॉटलंडमध्ये ‘सिक्स डेज ट्रायल’ नावाची स्पर्धा शंभरहून अधिक वर्षं चालते. तिथे वेगाला किंमत नाही. दगडांवरून, ओढ्यांतून पाय न टेकवता गाडी काढायची, पाय टेकला की गुण गेला. एके काळी तिथे जड फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. 1965 मध्ये सॅमी मिलर बुल्टाको शेर्पा नावाची हलकी टू-स्ट्रोक घेऊन आला आणि जिंकला. तिथून या खेळाचं रूपच बदललं. टू-स्ट्रोक म्हणजे फक्त वेग, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आधी गळती, मग जेट

बहुतेक जण इथे घाई करतात. गाडी हळू चालत नाही म्हटल्यावर सरळ कार्बोरेटर उघडून जेट बदलायला घेतात. पण तीस वर्षं जुन्या इंजिनात क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असतात, कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधलं रबर तडकलेलं असतं. तिथून फुकटची हवा आत येते. याची खूण सोपी आहे. अॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली यायला वेळ लावतो, गाडी न्यूट्रलमध्ये उगाच ओरडत राहते. अशी गाडी ट्यून करणं म्हणजे फाटक्या खिशात पैसे ठेवणं. आधी सील आणि रबर बदला. रीड वाल्व्हही उघडून बघा. त्याच्या पातळ पट्ट्या उजेडासमोर धरल्या की कडेनं फट दिसते किंवा टोकं उडालेली दिसतात. आरएक्सला खालच्या आरपीएमला जी काही जान आहे, ती बरीचशी या पट्ट्यांत आहे.

आता कार्बोरेटर. ट्रेलवर तुमचा अॅक्सिलरेटर जास्तीत जास्त पाव उघडतो. त्या भागात मेन जेटचा संबंध फारसा येतच नाही! तिथे राज्य चालतं पायलट जेटचं, हवेच्या स्क्रूचं आणि थोडंफार स्लाइडच्या कापाचं. पाव ते पाऊण भागात सुई म्हणजे नीडल काम करते आणि मेन जेट त्याच्याही पुढे. म्हणजे ‘मोठा मेन जेट टाकला’ असं अभिमानानं सांगणाऱ्या मित्रानं पांदणीसाठी काहीच केलेलं नसतं.

इंजिन चांगलं गरम होऊ द्या. मग हवेचा स्क्रू हळूहळू फिरवत आरपीएम सर्वांत वर कुठे जातो ते बघा. साधारण दीड फेरीच्या आसपास तो मुद्दा सापडला, तर पायलट जेट बरोबर आहे. एक फेरीच्या आतच सापडला तर जेट छोटा पडतोय, एक नंबर मोठा टाका. अडीच फेऱ्यांच्याही पुढे गेला तर जेट मोठा आहे. एवढं झालं की पाव अॅक्सिलरेटर झटकन उघडून बघा. ‘बुऽऽ’ करून इंजिन दबलं आणि मग उचललं, तर मिश्रण लीन. गुडगुड करत, धूर ओकत उचललं तर रिच. सुईची क्लिप एक खाच वर नेली की सुई खाली बसते आणि मिश्रण लीन होतं. खाली नेली की उलट. एका वेळी एकच बदल, आणि वहीत टिपण! (हो, वहीत. मोबाइलला ऑइलचे हात लागले की मग रडू नका.)

नरखेडला यात आणखी एक गंमत आहे. डिसेंबरच्या पहाटे 10 अंश आणि मे महिन्याच्या दुपारी 45. या दोन्हींमध्ये हवेच्या घनतेत जवळपास 11 टक्क्यांचा फरक पडतो. थंडीत नीट सेट केलेली गाडी उन्हाळ्यात रिच होऊन गुडगुडणार, आणि उन्हाळ्यातली सेटिंग थंडीत लीन होऊन तापणार. त्यात आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्यानं मिश्रण आणखी लीनकडे झुकतं, जुनी रबरं फुगतात आणि ओलावा शोषला जातो. महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल काढून टाकणं परवडतं, पिस्टन जाम झालेला परवडत नाही.

चेनसेटवर खर्च करा

माझं मत विचारलंत तर, कार्बोरेटरनंतर पहिला खर्च चेनसेटवर करावा. ट्रेलसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच. समजा पुढे 14 दात आहेत. त्याजागी 13 चा बसवला की गिअरिंग सुमारे पावणेआठ टक्क्यांनी खाली येतं. मागच्या चाकाला हाच फरक पाडायला साधारण तीन दात वाढवावे लागतील. पहिल्या गिअरमध्ये गाडी अर्धवट क्लच न दाबता माणसाच्या चालीनं चालली पाहिजे, ही कसोटी. नाहीतर दिवसभर क्लच घासत राहतो आणि संध्याकाळी प्लेटांचा वास येतो.

याची किंमत हायवेवर मोजावी लागते. नागपूरहून नरखेड दीड-दोन तास, आणि खाली आणलेल्या गिअरिंगवर इंजिन सगळा वेळ ओरडत राहणार. म्हणून शहाणे लोक गाडी गावीच काकांकडे ठेवतात आणि स्वतः ट्रेननं जातात. नरखेड नागपूर-इटारसी लाइनवरच आहे.

प्लगचंही असंच. हळू चालवताना प्लग पुरेसा तापत नाही, त्यावर काजळी धरते, म्हणून एक नंबर गरम प्लग टाकतात. एनजीकेमध्ये आकडा लहान तितका प्लग गरम आणि बॉशमध्ये बरोबर उलट. दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. पण तोच गरम प्लग घेऊन हायवेवर फुल अॅक्सिलरेटर दिला, तर पिस्टनला भोक पडायची वेळ येऊ शकते. दोन प्लग आणि एक पाना खिशात ठेवणं सोपं.

ऑइलच्या बाबतीत एक गैरसमज फार पक्का आहे. ‘थोडं जास्त घाल, इंजिन सुरक्षित राहील.’ पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर जास्त ऑइल म्हणजे त्याच जेटमधून तेवढं कमी पेट्रोल, म्हणजे मिश्रण लीन! शिवाय प्लगला काजळी. लिटरमागे 25 मिलि घातलं की 40:1 चं प्रमाण होतं. एकदा प्रमाण ठरलं की त्यावरच जेटिंग करा आणि मग बदलू नका. आणि मिसळलेल्या पेट्रोलवर नाल्याच्या लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये उतरू नका. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. अधूनमधून जरासा अॅक्सिलरेटर द्या.

कोणीतरी आधी रेस ट्यूनिंग करून एक्झॉस्ट पोर्ट वर कापलेली गाडी तुमच्या गळ्यात मारली असेल, तर जेटिंगनं फारसं काही होणार नाही. दुसरा ब्लॉक शोधा. मॅग्नेटचं वजन तर मुळीच कमी करू नका. जड चाक आरपीएम हळू पडू देतं, इंजिन बंद पडू देत नाही. सॅमी मिलरच्या जमान्यापासून ट्रायल्सवाले यावरच जगतात. आणि तो एक्स्पान्शन चेंबर? खालचा टॉर्क खाणारा बहुतेक वेळा तोच असतो. मूळ सायलेन्सर साफ करून परत लावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि बदललेल्या सायलेन्सरवर पोलिसांचा डोळा असतो, हा बोनस.

झाडाला धक्का नको

हळू चालवायचं खरं कारण मात्र इंजिन नाही. हा संत्र्याचा पट्टा आहे. 2014 मध्ये ज्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बागा इथे पांदणीच्या दोन्ही बाजूंना आहेत. संत्र्याची अन्न घेणारी मुळं जमिनीत वरवरच असतात. चाक फिरून माती उडाली की ती उघडी पडतात. फुटरेस्ट खोडाला घासला, साल निघाली, की तिथून डिंक्या रोगाची बुरशी शिरते, खोडातून डिंक गळायला लागतो आणि झाड हळूहळू वाळतं. शेतकरी खोडाला बोर्डो पेस्ट फासतात ते यासाठीच. पाच-सहा वर्षं वाढवून फळाला आणलेलं झाड तुमच्या एका व्हीलस्पिनपायी जाऊ शकतं.

म्हणून बागेत शिरायचंच नाही, पांदण सोडायची नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची फळं फांद्यांवर लटकलेली असतात, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले असतात. त्या दिवसांत बागेजवळून इंजिन बंद करून गाडी ढकलत नेलीत तरी काही बिघडत नाही. धुऱ्यावर कोणी दिसलं की थांबा, हेल्मेट काढा, ‘काका, इथून पुढं जाऊ का?’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर वळा.

पावसाळ्यात जाऊच नका. इथली काळी माती ओली झाली की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. आणि एका बागेची ओली माती दुसऱ्या बागेत नेली, की तिच्यासोबत बुरशीही जाते. जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट. टायरमध्ये हवा 16-18 पीएसआयपर्यंत उतरवा, क्लचवर एकच बोट ठेवा, नजर चाकावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवा. आणि परतताना टायरची माती त्याच पांदणीत काठीनं खरवडून काढा.