विश्लेषण : ‘क्लिअर ऑल’ केल्याने फोनची बॅटरी खरेच वाचते का?

व्हॉट्सअ‍ॅप पाहून झाले, यूपीआयने पैसे देऊन झाले, दोन-चार रील पाहून झाल्या, की अनेकांचा अंगठा सवयीने एकच काम करतो. अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपची रांग उघडायची आणि एकेक कार्ड वर सरकवून टाकायचे, नाहीतर थेट ‘क्लिअर ऑल’ दाबायचे. खोलीतून बाहेर पडताना दिवे-पंखे बंद करावेत, तसेच हे. अ‍ॅप बंद केले की बॅटरी वाचेल, फोन हलका होईल आणि वेगाने चालेल, असा यामागचा समज आहे.

प्रत्यक्षात अँड्रॉइड आणि आयफोनची प्रणाली तयार करणाऱ्यांचे म्हणणे नेमके उलट आहे. शिवाय काही जणांसाठी ही सवय नुसती निरुपयोगी नाही, तर धोक्याची आहे. औषधाची आठवण वेळेवर येत नाही, रक्तातील साखर घसरल्याचा इशारा वाजत नाही, अशा गोष्टी त्यातून होऊ शकतात. नेमके काय घडते, कोणते अ‍ॅप बंद करावे आणि कोणते करू नये, ते समजून घेऊ.

रांगेत दिसणारी अ‍ॅप ‘चालू’ असतात का?

बहुतेक नाही. ती यादी ‘अलीकडे काय उघडले होते’ याची आहे, ‘आत्ता काय चालू आहे’ याची नाही. पडताळून पाहायचे असेल तर फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. बहुतेक फोनमध्ये जुनी कार्डे रांगेत तशीच दिसतील. फोनच बंद होता, म्हणजे त्यातले एकही अ‍ॅप चालू असणे शक्य नव्हते. कार्ड हे अनेकदा शेवटच्या स्क्रीनचे नुसते चित्र असते.

आयफोनमध्ये तुम्ही अ‍ॅपमधून बाहेर आलात, की हातातले काम संपवायला त्याला थोडा वेळ मिळतो. त्यानंतर प्रणाली त्याला ‘सस्पेंडेड’ म्हणजे स्थगित अवस्थेत टाकते. ते मेमरीत असते, पण त्याचा एकही आदेश प्रोसेसरवर चालत नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्येही मागे गेलेली अ‍ॅप अशीच ‘गोठवली’ जातात.

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. आमटी झाली, गॅस बंद केला आणि भांडे ओट्यावर झाकून ठेवले. भांडे दिसते आहे, पण गॅस जळत नाही. स्थगित अ‍ॅपचे तसेच असते.

पण रॅम तर भरते ना?

भरते, आणि ती भरावी अशीच रचना आहे. रॅमला वीज लागते ती तिच्यातली माहिती टिकवून ठेवण्यासाठी. ती अर्धी रिकामी ठेवल्याने विजेच्या खर्चात लक्षात येण्याजोगी बचत होत नाही. त्यामुळे रिकामी रॅम ही शिल्लक नव्हे, तर न वापरलेली सोय आहे.

जागा कमी पडली की काय करायचे, हे प्रणालीला माहीत असते. अँड्रॉइडमध्ये ‘लो मेमरी किलर’ नावाची यंत्रणा आहे. सर्वात कमी गरजेचे अ‍ॅप कोणते ते ठरवून ती स्वतःच त्याला बाहेर काढते. आयफोनमध्ये हेच काम ‘जेटसॅम’ करते. ४ जीबी रॅमच्या स्वस्त फोनमध्ये ही काढघाल वारंवार होते. म्हणूनच अशा फोनवर परत आल्यावर अ‍ॅप कधी कधी पहिल्यापासून उघडते. म्हणजे जे काम तुम्ही अंगठ्याने करता, ते फोन आधीपासून करतच असतो, आणि केव्हा करायचे ते त्याला जास्त नीट कळते.

बंद केल्याने उलट बॅटरी जास्त कशी जाते?

स्थगित अ‍ॅपवर परत येणे म्हणजे झाकलेली आमटी वाढून घेणे. बंद केलेले अ‍ॅप उघडणे म्हणजे डाळ पुन्हा शिजायला टाकणे. फोनला त्या अ‍ॅपची फाइल साठवणुकीतून पुन्हा वाचावी लागते, मेमरीत जागा द्यावी लागते, सर्व्हरशी नव्याने जोडणी करावी लागते आणि पडदा पहिल्यापासून उभा करावा लागतो. या प्रत्येक पायरीला प्रोसेसर राबतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी गुगलने घालून दिलेल्या निकषांतूनही हा फरक दिसतो. पूर्ण बंद असलेले अ‍ॅप उघडायला ५ सेकंद किंवा जास्त वेळ लागला, तर तो अति मानला जातो. मेमरीत तयार असलेल्या अ‍ॅपसाठी मात्र हीच मर्यादा दीड सेकंद आहे. एकदा बंद केल्याने मोठे नुकसान होत नाही, हेही खरे. पण दिवसभरात वीस वेळा उघडले जाणारे व्हॉट्सअ‍ॅप वीस वेळा बंद केले, तर बचत शून्य आणि काम वाढलेले, असा हिशेब होतो.

मग ही सवय लागली कुठून?

आधी संगणकातून. तिथे दहा खिडक्या उघड्या ठेवल्या की यंत्र खरोखर मंदावायचे. नंतर नोकियाच्या सिम्बियन फोनमधून. त्यात मेन्यूचे बटण दाबून धरल्यावर दिसणारी अ‍ॅप खरोखरच चालू असत आणि ती बंद करण्यात अर्थ होता. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात ‘टास्क किलर’ अ‍ॅपही खूप लोकप्रिय झाली.

मात्र फोनच्या प्रणाली तेव्हापासून पुष्कळ बदलल्या आहेत. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर ‘डोझ’ आले. फोन न वापरता पडून असेल, तर अ‍ॅपची पार्श्वभूमीतली कामे त्यामुळे लांबणीवर पडतात. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने मागे राहून काम करण्यावर मर्यादा घातल्या. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोन तुमच्या वापरानुसार अ‍ॅपचे गट पाडतो. क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅपला मागे काम करायची संधीही क्वचितच मिळते. फोन बदलले, अंगठ्याची सवय तेवढी राहिली.

कंपन्यांचे म्हणणे काय?

एप्रिल २०१० मध्ये आयफोनच्या मल्टिटास्किंगची ओळख करून देताना स्टीव्ह जॉब्स यांनी हाच मुद्दा मांडला होता. वापरणाऱ्याला टास्क मॅनेजर हाताळावा लागला, तर ते बनवणाऱ्याचे अपयश, अशी त्यांची भूमिका होती. त्याच महिन्यात अँड्रॉइडच्या अभियंत्या डायान हॅकबॉर्न यांनी त्यांच्या प्रणालीत अ‍ॅप ‘बंद’ करण्याची गरज का नसते, हे सविस्तर लिहून समजावले होते.

मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलला ईमेल करून दोन प्रश्न विचारले. तुम्ही स्वतः अ‍ॅप बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचे आहे का? सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे दिले. त्यापाठोपाठ अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही तसेच मत मांडले. अ‍ॅप प्रतिसाद देत नसेल तेव्हाच ते सक्तीने बंद करावे, असा सल्ला अ‍ॅपलच्या मदत पानावर आजही आहे.

यात धोका कुठे आहे?

अ‍ॅपला मागे राहून जे करायचे असते, तेच थांबते, हा खरा धोका.

आयफोनवर अ‍ॅप वर सरकवले की ‘हे वापरकर्त्याला नको आहे’ असे प्रणाली समजते. तुम्ही ते पुन्हा उघडेपर्यंत त्याचे मागचे काम बंद राहते. साधा मेसेज आल्याची सूचना दिसते, पण फोटोंचा बॅकअप अडकतो. लग्नाचा मोठा व्हिडीओ पाठवायला लावून लगेच अ‍ॅप बंद केले, तर तो अर्ध्यावर राहू शकतो.

अँड्रॉइडमध्ये मूळ रचनेनुसार कार्ड सरकवणे आणि ‘फोर्स स्टॉप’ या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड सरकवल्यावरही सूचना यायला हव्यात. ‘फोर्स स्टॉप’ केल्यावर मात्र अ‍ॅपने लावलेले गजरसुद्धा रद्द होतात आणि तुम्ही ते उघडेपर्यंत ते जागे होत नाही. अडचण अशी, की काही उत्पादकांच्या फोनमध्ये कार्ड सरकवण्याचा परिणामही जवळपास ‘फोर्स स्टॉप’सारखाच होतो. याला वैतागलेल्या अ‍ॅप निर्मात्यांनी ‘डोंट किल माय अ‍ॅप’ नावाचे संकेतस्थळच काढले आहे. कोणत्या कंपनीच्या फोनमध्ये कोणती सेटिंग बदलावी, याची माहिती तिथे मिळते.

हे कोणाला भोवते? दंडावर ग्लुकोज सेन्सर लावलेल्या मधुमेही रुग्णाला. सेन्सर ब्लूटूथने फोनकडे आकडे पाठवतो आणि साखर धोकादायक पातळीला गेली की अ‍ॅप इशारा देते. अ‍ॅप बंद असेल तर इशारा वाजत नाही. ते मागे चालू ठेवा, अशी सूचना या अ‍ॅपचे निर्माते स्वतःच देतात. गोळ्यांची आठवण देणारी अ‍ॅप, वेगळे डाउनलोड केलेले गजराचे अ‍ॅप, रात्री घरी येणाऱ्या मुलीचे लोकेशन दाखवणारे अ‍ॅप आणि टॅक्सीचालक किंवा डिलिव्हरी करणाऱ्यांना काम देणारे अ‍ॅप या सर्वांचा भरवसा मागे चालू राहण्यावरच असतो. घरातल्या ज्येष्ठांचा फोन हातात घेऊन ‘किती अ‍ॅप उघडी ठेवलीत’ म्हणत सगळे साफ करून देणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

मग अ‍ॅप कधीच बंद करू नये का?

तसे नाही. अ‍ॅप अडकले, पडदा गोठला किंवा एखाद्या अ‍ॅपमुळे फोन तापू लागला, तर ते जरूर बंद करावे. बिघडलेले अ‍ॅप मागे राहून खरोखर बॅटरी खाऊ शकते. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेसबुकने तशी कबुलीच दिली होती. त्यांच्या आयफोन अ‍ॅपमधील एका दोषामुळे प्रोसेसर विनाकारण फिरत राहत होता. दुसऱ्या दोषामुळे व्हिडीओ पाहून बाहेर पडल्यावरही आवाजाचे सत्र बंद होत नव्हते, त्यामुळे अ‍ॅप जागेच राहायचे. पुढे अपडेट देऊन कंपनीने हे दुरुस्त केले.

नकाशावरचे दिशादर्शन, गाणी, व्हिडीओ कॉल ही कामे मागेही चालू असतात आणि चालावीत म्हणूनच ठेवलेली असतात. मुक्कामी पोहोचल्यावर दिशादर्शन अ‍ॅपमधूनच थांबवा. अँड्रॉइड १३ पासून सूचनांचा पडदा पूर्ण खाली ओढला, की खरोखर चालू असलेल्या अ‍ॅपची वेगळी यादी मिळते आणि तिथेच ‘स्टॉप’चे बटण असते. पाहायचीच असेल तर ही यादी पाहा.

स्क्रीन शेअरिंगच्या अ‍ॅपबाबत विशेष काळजी घ्या. कार्ड सरकवले म्हणजे समोरच्याला तुमचा पडदा दिसणे थांबले, असे गृहीत धरू नका. अशा अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ते घेतले असेल, तर इंटरनेट बंद करा, अ‍ॅप काढून टाका आणि तातडीने बँकेला कळवा.

‘बूस्टर’ आणि ‘क्लीनर’ अ‍ॅपचा उपयोग होतो का?

एका बटणावर रॅम मोकळी करून फोन थंड करण्याचा दावा करणारी ही अ‍ॅप स्वतःच मागे चालतात आणि जाहिराती दाखवतात. त्यांनी बंद केलेली काही अ‍ॅप लगेच पुन्हा सुरू होतात आणि त्या खटाटोपात वीज जाते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तर असे अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपची मागची प्रक्रिया थेट बंदच करू शकत नाही, फक्त स्वतःची करू शकते. नव्या फोनमध्ये ‘रॅम मोकळी झाली’ हे दृश्य बरेचसे देखाव्यापुरतेच उरते.

बॅटरी नक्की कोण खाते?

पहिला मान पडद्याच्या उजेडाचा. दुसरा कमकुवत नेटवर्कचा. सिग्नल क्षीण असला की टॉवर गाठण्यासाठी फोन जास्त शक्ती लावतो. कसारा घाटात किंवा कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या टापूत बॅटरी भराभर उतरते, त्याचे कारण मागची अ‍ॅप नसून टॉवरचा शोध हे असते. अशा प्रवासात एअरप्लेन मोड जास्त कामाचा. तिसरे कारण उष्णता. ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात फोन वापरणे टाळा, असे अ‍ॅपल सांगते. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या काचेजवळ ठेवलेल्या फोनचे आयुष्य कशाने घटते, ते यावरून लक्षात यावे.

दोषी अ‍ॅप शोधायचे असेल तर अंदाजाने कार्डे सरकवू नका. सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ उघडा. कोणत्या अ‍ॅपने किती बॅटरी वापरली, हे तिथे दिसते. कमी उघडलेले एखादे अ‍ॅप यादीत वर दिसले, तर त्यावरच उपाय करा. अँड्रॉइडमध्ये त्या अ‍ॅपचा बॅटरी वापर ‘रिस्ट्रिक्टेड’ करता येतो. आयफोनमध्ये ‘जनरल’मधील ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ बंद करता येते. मॉडेलनुसार नावे थोडी बदलतात. लोकेशनची परवानगी ‘वापरत असतानाच’ एवढीच ठेवा. जे अ‍ॅप लागतच नाही, ते काढून टाका. उलट औषधाची आठवण, आरोग्य सेन्सर किंवा रोजगाराच्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा. अनेक फोनमध्ये रांगेतले कार्ड दाबून धरल्यावर त्याला कुलूप लावायची सोय असते, तीही वापरा. मग कोणी ‘क्लिअर ऑल’ दाबले तरी ते अ‍ॅप जागेवर राहते.