मुलासाठीं जागा मिळवितांना

मूल ज्या गोष्टीसाठीं हट्ट धरतें ती त्याला द्यावी कीं देऊं नये, याचा विचार आपल्या घरांतून पुष्कळ होतो. परंतु द्यावयाची असें एकदां ठरल्यावर ती कोणत्या मार्गानें मिळवावयाची, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आगगाडींत खिडकीजवळची जागा पकडतांना, जत्रेंतील पाळण्यांत मुलाला पहिल्या फेरीला बसवितांना किंवा नाटकगृहांत पुढच्या रांगेंत शिरतांना आपण कोणाला ढकलतों, कोणाशीं खोटें बोलतों, हें मूल पाहत असतें. त्याचें सारें लक्ष पाळण्याकडे लागलें आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः पाळण्याची फेरी तें आठ दिवसांत विसरतें. वडिलांनीं जागा कशी मिळविली हें मात्र त्याच्या स्वभावांत मुरतें.

हा प्रश्न किती मोठें रूप धारण करूं शकतो हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील क्रीडोद्यानांकडे वळावें. आज महाराष्ट्रांतील अनेक घरांतील मुलगे, मुली, सुना व जांवई त्या देशांत नोकरी-उद्योगानिमित्त राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टींत आजी-आजोबा तिकडे जातात, चुलत-मावस भावंडें एकत्र जमतात, आणि मग फ्लॉरिडा राज्यांतील ऑर्लँडोची वारी ठरते. वॉल्ट डिस्ने यांनीं आपलें पहिलें क्रीडोद्यान, डिस्नेलँड, १९५५ सालच्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांत उघडलें. ऑर्लँडोजवळचें मॅजिक किंगडम त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ सालीं, सुरू झालें. त्याच परिसरांत १९८९ सालीं चित्रपटसृष्टीच्या विषयावर आणखी एक उद्यान निघालें. तें २००८ सालापासून डिस्नेज हॉलिवुड स्टुडिओज या नांवानें ओळखलें जातें. येथें जी हकीकत सांगावयाची आहे ती मुख्यतः या उद्यानांतील आहे.

जॉर्ज लुकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत व त्याच्या पुढील भागांत ‘जेडाय’ नांवाचे योद्धे आहेत. ते गुरूपाशीं विद्या शिकतात, तेजाची तलवार चालवितात आणि क्रोध व भीति यांना जिंकल्याखेरीज शत्रूला खऱ्या अर्थानें जिंकतां येत नाहीं असें मानतात. या कथेच्या आधारें ‘जेडाय ट्रेनिंग ॲकॅडमी’ नांवाचा एक कार्यक्रम २००६ सालीं कॅलिफोर्नियांत व पुढच्याच वर्षीं ऑर्लँडो येथें सुरू झाला. ४ ते १२ वर्षांच्या मुलांना पिंगट झगे घालावयाचे, हातीं खेळण्यांतील तलवार द्यावयाची, शिक्षकानें रंगमंचावर चार-दोन पवित्रे शिकवावयाचे, आणि शेवटीं काळ्या वेषांतील डार्थ व्हेडर या दुष्टाशीं प्रत्येकाला एकएकट्यानें झुंजूं द्यावयाचें, असें त्याचें स्वरूप होतें. २०१५ सालच्या डिसेंबरांत त्याला ‘ट्रायल्स ऑफ द टेम्पल’ असें नवें रूप मिळालें. मूल येथें नुसतें प्रेक्षक राहत नसे, तें स्वतः कथेंतील पात्र होत असे. आणि हीच त्याची मोहिनी होती.

उद्यानाच्या प्रवेशशुल्काखेरीज या कार्यक्रमासाठीं निराळा पैसा पडत नसे. मात्र नांव त्याच दिवशीं, उद्यानांत शिरल्यावर, ठराविक ठिकाणीं नोंदवावें लागे. आणि नोंदणीच्या वेळीं मूल स्वतः हजर असावें लागे. मग जी वेळ मिळेल तिच्या अर्धा तास अगोदर पुन्हां हजेरी द्यावयाची. गर्दीच्या दिवशीं सकाळच्या पहिल्या तास-दोन तासांतच सर्व जागा भरून जात.

जागा इतक्या थोड्या कां, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. रंगमंचाला सीमा असते, आणि प्रत्येक मुलाला दुष्टासमोर उभें राहण्यासाठीं कांहीं क्षण तरी स्वतःचे असे द्यावे लागतात. मुलांची संख्या दुप्पट केली तर ते क्षण निम्मे होतात, आणि ज्या गोष्टीसाठीं मूल आलें ती गोष्टच नाहींशी होते. ज्या आनंदाचें सार व्यक्तिशः मिळणाऱ्या लक्षांत आहे, तो आनंद सर्वांना एकाच दिवशीं वांटतां येत नाहीं. तेव्हां कोणाला तरी नाहीं म्हणणें भागच असतें. तें कोणत्या नियमानें म्हणावयाचें एवढाच प्रश्न उरतो.

हा नियम कसा बदलत गेला हें पाहणें मोठें बोधप्रद आहे. पहिला नियम पायांचा. जो आधीं पोंचेल त्याला जागा. यांत धनिक व सामान्य असा भेद नव्हता, आणि मुलाच्या हजेरीची अट असल्यामुळें कोणा नोकराला पुढें धाडून जागा अडवितां येत नसे. तथापि याच नियमापायीं दारें उघडण्यापूर्वींच आई-बाप झोपाळलेल्या मुलांना हाताला धरून दाराशीं तिष्ठत उभे राहत, आणि दार उघडतांच अर्धें चालत, अर्धें धावत सुटत. संयमाची विद्या शिकविणाऱ्या कार्यक्रमाची नोंद अशा घाईनें व्हावी, यांतील विसंगति कोणाच्याही ध्यानीं यावी.

२०२० सालच्या मार्चमध्यें महामारीमुळें उद्यान बंद पडलें. जुलैंत तें पुन्हां उघडलें, परंतु हा कार्यक्रम परत आला नाहीं. त्यानंतरच्या काळांत दुसरा नियम जोरांत आला, तो बोटांचा. ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ नांवाचें नवें आकर्षण २०१९ सालच्या डिसेंबरांत तेथें सुरू झालें होतें. त्यासाठीं २०२१ सालीं कांहीं महिने सकाळीं बरोबर ७ वाजतां दूरध्वनियंत्रावर क्रमांक मागावा लागे, आणि सर्व क्रमांक कांहीं क्षणांतच संपत. घरांतील जो सर्वांत चपळ बोटांचा तोच त्या दिवसाचा कर्ता पुरुष ठरे! ही पद्धति त्याच वर्षीं या आकर्षणापुरती उठविण्यांत आली.

तिसरा नियम पैशाचा. १९९९ सालापासून ‘फास्टपास’ नांवाची सोय होती. रांगेंत न तिष्ठतां ठराविक वेळीं आंत जावें, आणि त्यासाठीं निराळें मूल्य नाहीं, अशी ती होती. २०२१ सालच्या ऑक्टोबरांत तिच्या जागीं मूल्य देऊन घ्यावयाची सोय आली. तिला २०२४ सालच्या जुलैपासून ‘लाइटनिंग लेन मल्टि पास’ असें म्हणतात. डिस्नेच्या स्वतःच्या निवासगृहांत उतरणारांना ती ७ दिवस आधीं ठरवितां येते, इतरांना ३ दिवस आधीं. मुलांना राजकन्येप्रमाणें नटविणारें ‘बिबिडी बॉबिडी बुटीक’ हेंही असेंच. तें ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीं आहे, त्यासाठीं स्वतंत्र शुल्क पडतें, आणि वेळ ६० दिवस अगोदरपासून राखून ठेवितां येते.

या तीन नियमांपैकीं निर्दोष एकही नाहीं. पायांचा नियम वृद्धांवर व लेकुरवाळ्यांवर अन्याय करतो. बोटांचा नियम केवळ दैवावर भार टाकतो. पैशाचा नियम शांत व सुटसुटीत खरा, पण ज्याची पिशवी हलकी त्याच्या मुलाला तो उन्हांत उभें करतो. नियम बदलणें आपल्या हातीं नाहीं. त्या नियमांखालीं आपण कसें वागावें, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

अनेक भावंडें घेऊन निघणाऱ्या एकत्र कुटुंबानें पहिली गोष्ट ध्यानीं धरावी ती ही कीं, वय व उंची यांच्या अटी घरींच पाहाव्यात. समजा, तिघे भाऊ आपापलीं मुलें घेऊन निघाले आहेत. एक मूल ३ वर्षांचें, दुसरें ७ वर्षांचें, तिसरें १३ वर्षांचें. जेडाय-शिक्षण चालू होतें त्या काळीं यांतील फक्त मधल्यालाच जागा मिळूं शकली असती. धाकट्याला तें कळलें नसतें, थोरल्याला कळून सोसलें नसतें. आजही ‘स्टार टूर्स’ या आकर्षणासाठीं ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर, उंची लागते. ‘स्लिंकी डॉग डॅश’ या गाडीसाठीं ३८ इंच. भिंतीवर खूण करून मुलांना घरींच मोजावें, आणि कोणाला काय मिळणार व काय मिळणार नाहीं हें प्रवासापूर्वीं मोकळेपणानें सांगावें. घरीं ऐकलेला नकार मूल पचवितें. तोच नकार दोन तास रांगेंत उभें राहिल्यावर दारावर मिळाला तर तें ओक्साबोक्शीं रडतें, आणि त्याचा दोष त्याच्याकडे नसतो.

दुसरी गोष्ट सत्याची. आगगाडीच्या अर्ध्या तिकिटासाठीं मुलाचें वय कमी सांगण्याची खोड आपल्यांतील सुशिक्षितांनाही आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्या उद्यानांत ३ वर्षांखालील मुलास तिकीट नाहीं, आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांचें तिकीट थोडें स्वस्त आहे. तेव्हां ही खोड तेथेंही डोकें वर काढते. उंची वाढविण्यासाठीं जोड्यांत कापड कोंबणें हा तिचाच दुसरा अवतार. आणि यांत तर मुलाच्या जीवाशीं गांठ आहे, कारण आसनाचा अडसर त्या उंचीच्या हिशेबानें बसविलेला असतो. थोडे डॉलर वांचले किंवा एक फेरी पदरीं पडली, पण ‘माझे वडील दारावर खोटें बोलले’ हें मुलाला कळलें, तर तो व्यवहार तोट्याचाच झाला.

तिसरी गोष्ट रांगेची. मोठ्या कुटुंबांत एकानें पुढें जाऊन उभें राहावयाचें आणि मागाहून दहाजणांनीं त्याला येऊन मिळावयाचें, ही आपल्याकडे सोय समजली जाते. मागें उभ्या असलेल्या आईला ती सोय वाटत नाहीं. सबंध मंडळीनें एकत्रच रांगेंत शिरावें, असा तेथील शिष्टाचार आहे, आणि तो न्याय्य आहे. ज्या घरांत एखादें मूल उंचींत बसत नाहीं त्यांच्यासाठीं ‘रायडर स्विच’ नांवाची रीतसर सोय आहे. कांहीं वडील मंडळी आंत जातात, कांहीं लहान मुलापाशीं थांबतात. पहिली मंडळी परतल्यावर दुसऱ्यांना तीच रांग पुन्हां सबंध न काढतां आंत सोडतात. ही सोय दारावरील सेवकास विचारून मिळते. तिच्यासाठीं कोणतीही युक्ति लढवावी लागत नाहीं.

आणखी एका प्रसंगाचा विचार करून ठेवावा. जागा मिळाली, वेळ आली, आणि मूल म्हणालें, ‘मला नको.’ जेडाय-शिक्षणांत हें व्हावयाचें. चार वर्षांच्या जीवासमोर तो काळा मुखवटा घरघरत्या श्वासानें उभा राहिला म्हणजे घरीं लाकडाची तलवार फिरविणारा वीर आईच्या पदराकडे धाव घेई. अशा वेळीं ‘एवढ्या पहांटे उठलों तें कशासाठीं?’ हा उद्गार वडिलांच्या तोंडून निघतो, आणि कष्ट कोणाच्या हौसेसाठीं केले होते हें त्या एका वाक्यांत उघडें पडतें. मुलासाठीं मिळविलेली जागा मुलाची असते. ती नाकारण्याचा अधिकारही त्याचाच. छायाचित्राच्या लोभानें त्याला पुढें ढकलूं नये. तें कडेला उभें राहून पाहील, आणि कदाचित् दुसऱ्या दिवशीं आपण होऊन विचारील.

आणि जागा मुळींच मिळाली नाहीं तर? त्या दिवसासाठीं घरच्या घरीं एक दुसरा बेत आंखून ठेवावा, आणि तो दुय्यम म्हणून नव्हे, तर प्रेमानें आंखावा. त्या उद्यानांत उन्हाळ्याच्या दुपारीं ऊन प्रखर असतें, आणि पुष्कळदां विजांसह पाऊसही येतो. तेव्हां दुपारीं निवासावर परतून मुलांना निजूं द्यावें. संध्याकाळीं रांगा जेथें थोड्या असतील तेथें सर्व भावंडांनीं मिळून जावें. ज्याला जागा मिळाली त्यानें न मिळालेल्या भावंडाला आपण काय पाहिलें तें सांगावें, पण फुशारकीनें नव्हे. ज्याला मिळाली नाहीं त्यानें त्याच्यासाठीं टाळ्या वाजवाव्यात. हें आपोआप घडत नाहीं. आजीनें, काकूनें, थोरल्या बहिणीनें तें हळूच घडवून आणावें लागतें. तीन घरचीं मुलें एका छपराखालीं वाढवितांना आपल्या स्त्रिया हेंच काम पिढ्यान्-पिढ्या करीत आल्या आहेत: एका वाटींतील खाऊ पांच हातांवर असा ठेवावयाचा कीं कोणाचेंही तोंड हिरमुसूं नये.

म्हणून परदेशच्या त्या झगमगाटाला भिऊन मुलांना तेथें नेऊंच नये असें नाहीं. अवश्य न्यावें, वेळेवर उठावें, साठ दिवस आधीं वेळ राखावयाची असेल तर राखावी, ऐपत असेल तर मूल्यही द्यावें. खटपट प्रामाणिक असेल तर तिच्यांत कमीपणा नाहीं. फक्त निघण्यापूर्वीं एके रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, सर्व मुलांना जवळ बसवून त्यांना विचारावें: जागा एकच मिळाली तर ती कोणी घ्यावी? त्यांचीं उत्तरें ऐकलीं म्हणजे आपल्या घरांत काय पिकतें आहे हें आपल्याला कळेल, आणि तें सुधारावयाचें असल्यास वेळ अजून हातांत असेल.