काठीवरचं डिझेल

जून-जुलैची मासेमारीबंदी म्हणजे टाकी उघडण्याचे दिवस. मालवणात किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या एका लहान होडीची डिझेलची टाकी धुऊन झाली होती आणि तांडेलकाका तिच्यासाठी डिझेल मोजायची नवी काठी आखायला बसले होते. टाकीला काट्याचं मीटर आहे. पण होडी डुलली की आतला फ्लोट डुलतो आणि काटा 'अर्धी' आणि 'पाव' यांच्यामध्ये झोके घेत राहतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ५० उंच. गुणाकार केला तर १८० लिटर, म्हणजे दर सेंटिमीटरला ३.६ लिटर. हा हिशेब फक्त वरच्या भागात खरा ठरतो. तळ होडीच्या पोटाप्रमाणे निमुळता झालाय, तिथला सेंटिमीटर म्हणजे लिटर-दीड लिटर. काठीला हे कळत नाही. ती खोली सांगते, लिटर आपण लिहायचे. म्हणूनच काठी गुणाकाराने न आखता डिझेल ओतून आखायची.

आधी होडी सरळ हवी. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत धरली, आधाराची लाकडं ठोकून पातळी जुळवली. मग मापाच्या भांड्याने एकेक लिटर टाकीत, आणि दुसरा माणूस फिल्टरवरचा नट सैल करून हातपंप मारत बसलेला. नटातून नुसती हवा येत होती. आठव्या लिटरनंतर डिझेल आलं. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड मुद्दाम तळापासून थोडं वर ठेवलेलं असतं, कारण डिझेलपेक्षा जड असलेलं पाणी आणि गाळ खालीच साठतो. ते आठ लिटर टाकीत असूनही इंजिनाला मिळणार नाहीत.

"तळातला आपला न्हय," काका म्हणाले, आणि काठीवर आठाची खूण केली.

पुढे पाचाच्या पटीत खुणा. प्रत्येक वेळी काठीवर खडू घासायचा, ती सरळ खाली टेकवायची आणि लगेच वर काढायची. कोरड्या लाकडात डिझेल वर चढतं, रेंगाळलात तर खूण फसवते. खडूवर ओल स्पष्ट दिसते. चाकूने खाच, शेजारी आकडा. वरपर्यंत १६० लिटर मावलं.

तरीही लाल रेघ आठावर मारली नाही, विसावर मारली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. किनाऱ्यावरची होडी सपाट असते, समुद्रातली नसते. या टाकीची नळी मागच्या टोकाला आहे. जाळी आणि बर्फ पुढे लादून नाळ पाच अंश खाली गेली, तर मागची पातळी मधल्यापेक्षा सुमारे चार सेंटिमीटरने उतरते. काठी मात्र मध्ये टाकली जाते, तिला यातलं काहीच दिसत नाही. त्यावर लाटांचा हेलकावा. आतल्या आडव्या पत्र्यांनी उसळी कमी होते, थांबत नाही. नळीचं तोंड क्षणभर उघडं पडलं तरी इंजिन एअर घेतं आणि बंद पडू शकतं. मग डुलत्या होडीत नट सैल करून एअर काढत बसायचं, तेही टाकीत डिझेल असताना. खडकाळ किनारा जवळ असेल आणि वारा त्या बाजूला ढकलत असेल, तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

म्हणजे १६० लिटरच्या टाकीतलं कामाचं डिझेल १४०. त्यातही तिसरा हिस्सा जाण्याला, तिसरा येण्याला, तिसरा शिलकीला, असा जगभरातल्या लहान बोटींचा ठोकताळा आहे. जाळं टाकणाऱ्याला तो जसाच्या तसा जमत नाही, कारण इंजिन चालू ठेवून मासळीमागे फिरण्याचे तास कुठल्या हिश्शात धरायचे? शिवाय पहाटे मतलईवर बाहेर जाणं आणि उलट्या वाऱ्यात तेवढंच अंतर परत येणं, यांचा खप सारखा नसतो.

काकांनी काठी उलटी केली. या बाजूला लिटर नाहीत, तास आहेत. रोजच्या चालीला हे इंजिन तासाला चार लिटर पितं, असं त्यांनी भरलेल्या डिझेलवरून काढलंय. म्हणून विसाच्या लाल रेघेपासून वर चाळीस-चाळीस लिटरवर १०, २०, ३०. चाल पाचव्या हिश्शाने उतरवली तर अशा जड होडीचा तासाचा खप जवळजवळ निम्म्यावर येतो. तेव्हा हेच तास लांबतात, मात्र घरही उशिरा येतं. त्या चालीची वेगळी खूण करावी का, असं मी विचारलं. काठीवर जागा नाही, असं उत्तर मिळालं.