भुलीच्या इंजेक्शनातला दुसरा गडी

2021 साली काळ्या बुरशीने ‘सायनस’ हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोचवला आणि नाकातून दुर्बीण घालून होणारं ऑपरेशनही लोकांना कळलं. त्यात एक शंका रास्त आहे. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असताना नाकात वेगळं भुलीचं इंजेक्शन कशाला? दुखण्यापेक्षा त्याचा संबंध रक्ताशी जास्त आहे. दुर्बीण जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची. टोकावर थेंबभर रक्त आलं की सगळा पडदा लाल, आणि डोळा तर कागदासारख्या हाडापलीकडेच. (काळ्या बुरशीत मात्र उलटं: मेलेला भाग कापत जाताना ताजं रक्त आलं की सर्जनला हायसं वाटतं, जिवंत भाग लागला म्हणून.)

पण रक्त कमी होण्याचं श्रेय आपण भलत्याच औषधाला देतो. बधिर करणारं लिग्नोकेन रक्तवाहिन्या उलट सैल करतं. त्या आवळतं ते त्यात लाखात एक भाग मिसळलेलं अ‍ॅड्रेनलिन. त्याचे स्फटिक 1900 साली न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने यांच्या प्रयोगशाळेत हाती लागले. प्रत्यक्ष खटपट त्यांचे मदतनीस केइझो उएनाका यांची. पेटंट आणि कीर्ती मात्र मालकाची. पुढे 1903 मध्ये जर्मन सर्जन हाइनरिख ब्राउन यांनी हे औषध भुलीच्या औषधात मिसळलं. इंजेक्शनातल्या या दुसऱ्या गड्यासारखेच उएनाकाही झाकलेलेच राहिले.

आता आक्षेप. अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात ठेवल्या की काम भागतं, मग सुई कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. पट्ट्यांच्या जोडीला इंजेक्शन दिल्याने फार फरक पडत नाही, असं काही चाचण्यांत दिसलं आहे. शिवाय औषध थेट रक्तवाहिनीत गेलं तर नाडी आणि रक्तदाब उसळतात. हृदयरोग्याला ते महागात पडू शकतं. तरीही सुई निरुपयोगी नाही, ती कुठे टोचली याला महत्त्व आहे. अर्धापूरच्या केळीवाल्याला हे सांगावं लागणार नाही: प्रत्येक ठिबक नळी चिमटीत धरण्यापेक्षा मेन लाइनचा व्हॉल्व्ह फिरवलेला बरा. नाकाच्या मागच्या भागाची मेन लाइन म्हणजे स्फेनोपॅलाटाइन धमनी. टाळूतल्या छिद्रातून तिच्या मुळाशी औषध पोचवता येतं. सुई जास्त आत गेली तर डोळ्याला धोका, म्हणून ती आधीच मापाने वाकवून घेतात. मात्र नाकाच्या छताकडच्या एथमॉइड धमन्या डोळ्याच्या धमनीतून येतात, म्हणजे त्यांचं पाणी दुसऱ्याच विहिरीचं. टाळूतला व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी तिथली धार चालूच राहते. तिथे पुन्हा त्या पट्ट्याच लागतात, आणि टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचलावी लागते.